तेहरानच्या आजी-आजोबांचं पॅ-तॅ-कॅ

वाचा-उपचारातली सगळ्यात स्वस्त चाचणी कोणती म्हणाल, तर समोरच्या माणसाला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि ‘प-प-प-प’ जमेल तितक्या लवकर म्हणायला लावायचं. मग ‘त’, मग ‘क’ आणि शेवटी तिन्ही मिळून ‘प-त-क, प-त-क’. प ला ओठ लागतात, त ला जिभेचं टोक, क ला जिभेचा मागचा भाग. पाच सेकंदांत तिघांचीही हजेरी लागते. निरोगी तरुण माणूस सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा एक अक्षर म्हणू शकतो. या चाचणीचं नाव मात्र लांबलचक आहे, डायडोकोकायनेसिस. १९०२ साली बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने लहान मेंदूच्या रुग्णांबद्दल लिहिताना हा शब्द चालवला, तो हाताच्या उलटसुलट हालचालींसाठी. पुढे तो तोंडापर्यंत आला. आम्ही सगळे नुसतं डीडीके म्हणतो.

मी शिकले मुंबईत आणि म्हैसूरला. लग्नानंतर तेहरानला आले, कारण नवरा इथला. तो पुण्यात शिकायला होता, आणि पुण्यात इराणी विद्यार्थी किती असायचे हे पुणेकरांना सांगायला नको. इथे या विषयाला ‘गोफ्तारदरमानी’ म्हणतात. सुरुवातीची वर्षं भाषा शिकण्यात गेली. मग एका विद्यापीठातल्या मैत्रिणीने विचारलं, फारसी बोलणाऱ्या साठीपुढच्या माणसांचं डीडीके नोंदवायचं आहे, येशील का मदतीला? मैत्रीण माझ्याहून लहान आहे, पण कामात ती माझी वरिष्ठ, आणि इथल्या पद्धतीने मी तिला कामाच्या ठिकाणी ‘खानुम दोक्तोर’, म्हणजे डॉक्टरबाईच म्हणते.

फारसीसाठी वेगळे आकडे कशाला हवेत, हा प्रश्न मला दवाखान्यात कधी पडलाच नव्हता. मुंबईत आमच्यापुढे इंग्रजी पाठ्यपुस्तकातला तक्ता असायचा आणि रुग्ण मराठी, गुजराती, हिंदी असा कुठलाही असला तरी आकडा त्याच तक्त्याशी ताडून बघायचा. तेहरानमध्ये पहिल्याच आजोबांनी तोंड उघडलं आणि माझ्या मराठी कानाने खोडा घातला. त्यांचा ‘प’ मला ‘फ’कडे झुकलेला ऐकू येत होता. फारसीत प आणि फ (आपला महाप्राण) असा भेद नाही. शब्दाच्या सुरुवातीचा प, त, क तिथे थोडा श्वास सोडूनच उच्चारतात. त्यात स्वराचा घोळ. फारसीतला ऱ्हस्व ‘अ’ आपल्या ‘अ’सारखा नाही, तो ‘बॅट’मधल्या ‘ॲ’च्या जवळचा. म्हणून आमचं प-त-क झालं ‘पॅ-तॅ-कॅ’. आणि या स्वरापुढे फारसीतला क पुढे सरकतो, जवळजवळ ‘क्यॅ’ होतो. म्हणजे जीभ टाळूला जिथे लागते ती जागाच बदलली. आता हा आकडा इंग्रजीच्या तक्त्यात बसवून एखाद्या आजोबांना ‘मंद’ ठरवायचं का? २०१४ साली हिब्रूचे आकडे काढणाऱ्या दोन संशोधकांनी इंग्रजी, पोर्तुगीज, ग्रीक आणि फारसीचे आधीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले होते आणि भाषेगणिक वेगळे तक्ते हवेत असंच म्हटलं होतं. फारसी म्हाताऱ्यांचा तक्ता करायचा तर फारसी म्हातारे शोधायला हवेत, इतका सरळ हिशेब.

पण खरं काम तिथेच होतं. चाचणी पाच सेकंदांची, आणि त्या खुर्चीत कुणाला बसवायचं हे ठरवायला अर्धा तास.

तेहरानमध्ये पालिकेची ‘सरा-ये महल्ले’ असतात, म्हणजे मोहल्ल्याची घरं. तिथे ज्येष्ठांची मंडळं भरतात. व्यायाम, गाणी, सहली, आणि मुख्य म्हणजे चहा. पुरुष पाहिजे असतील तर बागेत जायचं. लाले पार्कमध्ये, शहर पार्कमध्ये दुपारनंतर बुद्धिबळ आणि तख्तेनर्द, म्हणजे फाशांचा बॅकगॅमन, मांडून बसलेले असतात. फासे पडले की जो आरडाओरडा होतो तो ऐकून मला वाटायचं, यांच्या जिभेचा वेग मोजायचा तर इथेच मोजावा. ते अर्थातच जमत नाही. आवाज स्वच्छ लागतो. मग गोड बोलून त्यांना खोलीपर्यंत आणायचं. माझा उच्चार ऐकून ‘कुठली गं तू?’ हा प्रश्न यायचाच, आणि ‘हेंदूस्तान’ म्हटलं की अमिताभ बच्चन. तेवढ्यावर निम्मे लोक तयार व्हायचे. हे संशोधनाच्या कुठल्याही पद्धतीत लिहिलेलं नसतं, पण बच्चनसाहेबांचे आभार मानायला हवेत.

मग चाळणी. पक्षाघात झालेला नको, पार्किन्सन नको, ऐकू नीट यायला हवं, विसराळूपणाची छोटी चाचणी पार व्हायला हवी. या चाचणीत आजची तारीख विचारतात. ती सगळे पटकन सांगतात, सौर हिजरी, म्हणजे इराणी पंचांगातल्या महिन्यासकट. पण त्यात वाचायचा-लिहायचा भागही आहे, आणि खेड्यातून आलेल्या कित्येक आज्या शाळेत गेलेल्याच नाहीत. काहीजणी क्रांतीनंतर, १९७९च्या अखेरीस सुरू झालेल्या साक्षरता मोहिमेत प्रौढपणी अक्षरं शिकल्या. एका आजीने सही करायला पेन घेतलं तेव्हा बाकी सगळं थांबवून आम्ही ती सही पुरी होईपर्यंत बघत बसलो. अशांना वाचन-लेखनाचे गुण कापून विसराळू ठरवणं म्हणजे निव्वळ अन्याय. त्यासाठी शिक्षणानुसार उत्तीर्ण होण्याची रेषा खाली घ्यावी लागते.

वयाचं तर विचारूच नका. आम्हाला दशकांचे गट करायचे होते, साठीतले, सत्तरीतले, ऐंशीपुढचे. वय घ्यायचं शेनासनामेवरून, म्हणजे जन्मदाखल्याच्या छोट्या पुस्तिकेवरून. त्यावर त्याच इराणी पंचांगातलं साल असतं, समजा १३१७. त्यात ६२१ मिळवले की इसवी सन १९३८. हिशेब सोपा, पण त्या पिढीत दाखला आणि माणूस एकच असेल याची खात्री नाही. एक हाज खानुम (वयस्कर बाईंना इथे आदराने असं म्हणतात) शांतपणे म्हणाल्या, “ही पुस्तिका माझ्या थोरल्या बहिणीची. ती तान्हेपणी गेली. मी झाल्यावर वडिलांनी पुन्हा कचेरीत जायचा त्रास घेतला नाही, तीच पुस्तिका मला लावली.” असं त्या काळी बरंच व्हायचं म्हणे. कागदोपत्री ऐंशी, खऱ्या अठ्ठ्याहत्तर. कुठल्या गटात घालायच्या? आम्ही कागद मानला, कारण खरं वय त्यांच्या आईशिवाय कुणाला ठाऊक असणार!

सगळ्यात अवघड गेला तो एक नियम. फुप्फुसाचा जुना आजार असलेला माणूस घ्यायचा नाही, कारण श्वास पुरला नाही तर जिभेचा वेग कळत नाही. नियम अगदी बरोबर. पण इराणमध्ये साठीतल्या पुरुषांत या नियमाने बाहेर पडणारे काहीजण म्हणजे इराकबरोबरच्या युद्धात (१९८० ते १९८८) मस्टर्ड हा विषारी वायू छातीत घेतलेले सैनिक. असे एक गृहस्थ आले, अर्ज भरला, खोकत खोकत सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि शेवटच्या रकान्यात ‘जानबाझ’, म्हणजे युद्धात जायबंदी झालेला, अशी खूण केली. मैत्रिणीने अतिशय अदबीने समजावलं. ते म्हणाले, “म्हणजे मी म्हातारा नाही?” आणि स्वतःच हसले. आम्ही त्यांचाही आवाज नोंदवला, वेगळ्या यादीत. ‘पॅ’ त्यांचा चांगला पळत होता, पण मध्येच श्वास तुटायचा.

ही चाळणी लावता लावता माझं आणि मैत्रिणीचं मोठं भांडण झालं, आणि तेच मला या सगळ्या कामातलं महत्त्वाचं वाटतं. तिला पूर्ण निरोगी माणसं हवी होती. रक्तदाब नको, साखर नको, कवळी नको, रोजच्या गोळ्या नकोत. मी म्हटलं, पंचाहत्तरीला असा माणूस सापडला तर त्याचा सत्कार करू, पण त्याच्यावरून तक्ता नको. हिमालय चढणाऱ्या आजोबांचा वेग प्रमाण मानला तर बाकीचे सगळे आजारी ठरतील. दवाखान्यात जो येणार आहे त्याला कवळी आहे, रक्तदाबाची गोळी आहे, तोंडाला कोरड आहे. शेवटी तडजोड झाली. आटोक्यातला रक्तदाब आणि मधुमेह चालेल, कवळी घट्ट बसत असेल तर चालेल, पण नोंद प्रत्येकाची करायची.

कवळीवरून आठवलं. एका आजोबांनी कवळी काढून खिशात टाकली आणि विचारलं, “बिनदाताचं करू? जास्त पळेल.” तोंडात काही नसलं की त्यांना मोकळं वाटायचं. आम्ही दोन्ही घेतलं. तक्त्यात गेलं ते दातांसकट.

नोंदणीची खोली छोटी, आणि तिचा शत्रू म्हणजे कूलर. तेहरानच्या उन्हाळ्यात घरोघर गच्चीवर पाण्याचे कूलर चालतात. त्यांची घरघर भिंतीतून खाली उतरते. ध्वनिमुद्रण करताना तो बंद करायचा, म्हणजे आजी-आजोबांना घामाघूम करायचं. हिवाळ्यात वेगळं संकट. अल्बुर्झ डोंगरांच्या पायथ्याशी धूर साचून राहतो, रेडिओवर ‘वयस्करांनी बाहेर पडू नये’ अशी सूचना येते आणि ठरलेली माणसं येत नाहीत. येऊही नयेत.

माईक डोक्याला लावायचा, तोंडापासून अंतर कायम राहावं म्हणून. आणि थोडा बाजूला, नाहीतर ‘पॅ’चा श्वास थेट माईकवर आदळतो. पुरुषांना ते टोपीसारखं लावलं की झालं. बायकांना रूसरी, म्हणजे डोक्याचा रुमाल, कुणाला अंगभर चादोर. तार रूसरीच्या आतून घ्यायची, दांडी कानामागे बसवायची आणि मग कापड घासल्याचा आवाज येत नाही ना ते ऐकायचं. हे काम पुरुष विद्यार्थ्याला करता आलं नसतं. माझी खरी गरज कदाचित इथेच होती.

आणि चहा. इथे चहा गोड करत नाहीत. साखरेचा खडा, ‘क़ंद’, दातांत धरतात आणि त्यावरून कोरा चहा ओढतात. आलेल्या पाहुण्याला चहा न देता चाचणी घेणं म्हणजे अपमान, आणि चहा दिला की तोंडात चिकट पाक. म्हणून आमच्या कार्यपद्धतीत, लेखी, एक ओळ आहे: चहा नोंदणीनंतर, आधी पाणी.

आता प्रत्यक्ष चाचणी. ‘हर चे सरीतर’, जितकं लवकर तितकं. पण वयस्कर इराणी माणसाला एकदम सुरू करायला लावणं सोपं नाही. “आधी तुम्ही.” “नाही, तुमची परवानगी असेल तर.” “मी आपल्यासमोर काय बोलणार!” हे सगळं होऊन मग ‘पॅ’. मधेच थांबून “बरोबर येतंय ना, मुली?” बरं, वेग म्हणजे काय हे प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं. निवृत्त टॅक्सीचालकाने शब्दशः गाडी पळवली. निवृत्त शिक्षिका प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारखं म्हणत गेल्या. पुन्हा सांगितलं, बाई, स्वच्छ नको, लवकर हवं. त्या म्हणाल्या, “तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या मुलांना मी तीस वर्षं ओरडले, आता तेच करू?” त्यांचा आकडा कमी आला. तो त्यांच्या स्नायूंचा होता की स्वभावाचा, हे ध्वनिलहरीत दिसत नाही.

‘पॅ-तॅ-कॅ’ला खरी मजा. कुणी ‘पॅ-कॅ-तॅ’ म्हणतं, कुणी तिसऱ्या फेरीत ‘तॅ-पॅ-कॅ’वर पोचतं आणि हसू फुटतं. साहित्य शिकवलेले एक प्राध्यापक हटून बसले की तीन लघू लागोपाठ येणं फारसी छंदात बसतच नाही, दोनच्या पुढे लघू नकोत. मी सांगितलं, आमच्याकडे तीन लघूंचा अख्खा गण आहे, ‘न’ गण. हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की पुढची पाच सेकंदं त्यांनी भरधाव म्हणून दाखवलं. इंग्रजी-हिब्रूत म्हणे अर्थहीन अक्षरांऐवजी खरे शब्द देऊनही ही चाचणी घेतात, लहान मुलांना आणि वृद्धांना ते सोपं जातं. प्राध्यापकांकडे बघून मला ते पटलं. डोक्याला काहीतरी धरायला मिळालं की जीभ मोकळी सुटते.

मोजणी घरी बसून. पूर्वी कानाने ऐकत कागदावर पेनने ठिपके मारायचे आणि मग मोजायचे. सेकंदाला सहा ठिपके मारणारा हात माझ्याकडे नाही. दुसरी रीत फ्लेचर या संशोधकाची, १९७२ची. पाच सेकंदांत किती हे न बघता, वीस वेळा म्हणायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं. आम्ही मात्र प्राट वापरलं. ॲमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि निर्बंधांमुळे विकतचं परदेशी सॉफ्टवेअर घेणं जिथे डोकेदुखी आहे तिथे फुकटचं मोल फार. पडद्यावर प्रत्येक ‘पॅ’ एक उभी रेघ होऊन उमटतो, ओठ उघडतानाचा तो छोटा स्फोट. रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर टिपत जायचं. सुरुवातीची एक-दोन अक्षरं सोडायची, माणूस तेव्हा वेग पकडत असतो.

माझं मत बदललं ते या रेघा बघताना. मी धरून चालले होते की वय वाढेल तसं अंतर सरळ वाढत जाणार. थोडं वाढतंच, आणि ते अपेक्षितही आहे. मज्जातंतूंतून संदेश जायचा वेग हळूहळू उतरतो, झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू कमी होतात, मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी घटतात, फुप्फुसांची लवचीकता जाते. पण पडद्यावर मला जास्त दिसला तो अनियमितपणा. तरुणाच्या रेघा कुंपणाच्या खांबांसारख्या सारख्या अंतरावर. ऐंशीपुढच्यांत चार जवळ, मग एक लांब, पुन्हा दोन जवळ. सरासरी वेग काढला तर फरक छोटा, पण लय बघितली तर ठळक. आणि ‘कॅ’ सगळ्यांचाच मागे पडतो. जिभेचा मागचा भाग जड, त्याला वर नेऊन टेकवणं कष्टाचं. काहींचा ‘कॅ’ तर पूर्ण टेकतच नाही, मधून हवा निसटते आणि तो ‘ख़’सारखा ऐकू येतो. फारसीत तो स्वतंत्र वर्ण असल्यामुळे इथल्या कानांना तो लगेच खटकतो.

म्हणून आता दवाखान्यात कुणाचा मुलगा विचारतो, “बाबांचं बोलणं मंदावलंय, वय असेल ना?” तेव्हा मी वेगाकडे शेवटी बघते. पार्किन्सनमध्ये काहीजणांचं पॅ-पॅ-पॅ उलट घाईचं होतं, अक्षरं एकमेकांत विरघळतात. लहान मेंदू बिघडला तर वेगापेक्षा लय आधी मोडते. आणि बोलणं दोन दिवसांत बदललं असेल तर कुठलंही पॅ-तॅ-कॅ न करता आधी रुग्णालय गाठायला सांगते. घड्याळ लावून फक्त आकडा काढणाऱ्या सहकाऱ्यांशी यावरून माझे खटके उडतात.

आणि आता उरलेला वाद. आमची अट होती, मातृभाषा फारसी. तेहरानमध्ये ही अट लावून बघा. आजोबा अर्दबीलचे, घरात आझेरी तुर्की, आजी रश्तची, घरात गीलकी, शेजारचे कुर्द. तिघंही साठ वर्षं फारसीत बाजारहाट, नोकरी, भांडणं करत आलेले. आझेरी तुर्की बोलणारे तर इतके येत की काही दिवशी दुपारी अटीत बसणारं एकही माणूस मिळायचं नाही. मैत्रिणीच्या मते अट बरोबर आहे, नाहीतर तो फारसीचा तक्ता राहणार नाही. माझ्या मते तेहरानच्या दवाखान्यात उद्या हीच माणसं येणार, त्यांचीच मुलं फोन करणार. २०१६च्या जनगणनेत साठीपुढचे लोक नऊ टक्क्यांच्या थोडेसेच वर होते, पण १९८०च्या दशकात जन्मलेली इथली प्रचंड पिढी म्हातारी होईल तेव्हा हा आकडा कुठल्या कुठे जाईल, आणि त्या पिढीतही दोन भाषांत वाढलेले भरपूर आहेत.

आलेल्या आझेरी आजी-आजोबांना आम्ही परत पाठवलं नाही. त्यांचं पॅ-तॅ-कॅ नोंदवून ठेवलं आहे. पण नीतिसमितीकडून घेतलेल्या परवानगीत फक्त ‘फारसी मातृभाषक’ लिहिलेलं आहे, त्यामुळे त्या नोंदी सध्या वापरता येत नाहीत. नवा अर्ज मी लिहायला घेतलाय. मैत्रीण म्हणते, तुर्कीतले उच्चार तपासायला तुर्की जाणणारं माणूस आधी शोध. तिची आई तब्रीझची, म्हणजे आझेरी तुर्की बोलणाऱ्या शहरातली आहे, पण हे तिला मी अजून सुचवलेलं नाही.